दगड वाचण्याची वाट

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू दर्शन-पूजन आटोपून बहुधा आल्या वाटेनेच परततात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावाच्या अगदी कडेला पृथ्वीच्या इतिहासाचे एक उघडे पान आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. पण त्यासाठी वाट वाकडी करणारे थोडे. पौषातल्या एका सकाळी अशाच एका यात्रेकरू कुटुंबाने ती वाकडी केली. आजी, मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. सोबत आणखी दहा-बारा जण आणि वाट दाखवायला भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक स्थानिक शिक्षक. सारे त्यांना गुरुजीच म्हणत.

विवराच्या काठावर उभे राहिल्यावर प्रथम कोणी काही बोलले नाही. सपाट शेतांच्या मधोमध जमीन एकाएकी संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ परिपूर्ण वर्तुळाकार खळगा समोर येतो. काठापासून तळ साधारण १३५ ते १५० मीटर खोल. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे शांत सरोवर. नातवाने पहिला प्रश्न विचारला तो प्रत्येक पाहुणा विचारतोच : "गुरुजी, हा ज्वालामुखी आहे का?"

"याचं उत्तर खाली पोचल्यावर तूच मला सांग," गुरुजी म्हणाले. "मात्र उतरताना पायाखालचा दगड बघत चल."

आजी हसल्या. चार हात पुढची भूमी न्याहाळत, जीवजंतूंना जपत पाऊल टाकावे ही ईर्यासमिती त्यांनी मुनिमहाराजांच्या विहारात आयुष्यभर पाहिली होती. भूगर्भशास्त्राचाही पहिला धडा तोच असेल, असे मात्र त्यांना वाटले नव्हते.

उतरण सुरू झाली. लोणारच्या वाटेचे वैशिष्ट्य असे की येथे माणूस जसजसा खाली जातो तसतसा काळाच्या मागे जातो. विवराच्या भिंतीत बेसाल्टचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचे, पाच-सहा थर एकावर एक दिसतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हारसाचा एकेक प्रवाह. सर्वांत खालचा सर्वांत जुना. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस बाहेर आला. जपानच्या फुजीसारखा शंकूच्या आकाराचा पर्वत येथे उभा राहिला नाही. हा रस पातळ होता. तो उतू जाणाऱ्या दुधासारखा दूरवर पसरला, निवला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा प्रवाह आला. काही लाख वर्षे हे चालू राहिले. त्यातून घडलेले दख्खनचे पठार झिजून झिजून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर उरले आहे, आणि पश्चिमेकडे सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. त्यांच्या पायऱ्यांसारख्या रचनेवरून भूशास्त्रज्ञांनी त्यांना 'ट्रॅप' हे नाव दिले. पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून ते आले आहे.

पहिल्याच वळणावर गुरुजींनी एका कातळाशी सर्वांना थांबवले. खालचा भाग घट्ट, गुळगुळीत. वरचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा छिद्रांचा. रस निवत असताना त्यातले वायू वर चढले आणि बाहेर पडण्याआधीच पृष्ठभाग थिजला. ते बुडबुडे आत अडकले, त्यांचीच ही छिद्रे. पुढे लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले आणि काही छिद्रांत पांढरी स्फटिके वाढली. "म्हणजे कुठलाही थर पाहिला की त्याची वरची बाजू कोणती हे दगडच सांगतो," गुरुजी म्हणाले. "छिद्रं दिसली की प्रवाहाचा माथा आला असं समजायचं. हे लक्षात ठेवा. थोड्या वेळानं उपयोगी पडेल."

त्याच्या वरच तांबड्या, भुसभुशीत मातीचा वीतभर पट्टा होता. काळ्या कातळांत ही लाल रेघ सुनेला विशोभित वाटली. पण ती रेघ म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधली विश्रांती. एक प्रवाह थिजला, त्यावर ऊनपाऊस झाला, दगडाची माती झाली, आणि मग पुढचा तप्त प्रवाह त्या मातीवर येऊन तिला भाजून गेला. उद्रेकाच्या कथेत केवळ आगच नव्हती. मध्ये शांततेची दीर्घ प्रकरणेही होती, आणि त्यांची साक्ष या रेघेत उरली आहे.

येथे आजींनी वेरुळची आठवण काढली. ती आठवण योग्यच होती. वेरुळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, त्यांतली इंद्रसभा आणि जगन्नाथसभा, याच दख्खनी पाषाणात कोरलेली आहेत. मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईची लेणी आणि मांगीतुंगीची शिखरे यांचाही पाषाण हाच. जो दगड कधी अग्नीसारखा वाहत होता, तोच निवून, थिजून, शिल्पकाराच्या छिन्नीखाली पद्मासनस्थ तीर्थंकरांची शांत मुद्रा झाला. द्रव्य कायम राहते आणि पर्याय पालटत जातात, हे प्रवचनात ऐकलेले वाक्य त्या लाल रेघेपाशी आजींना नव्याने कळल्यासारखे झाले. अर्थात, लाव्हारसाचे शास्त्र आगमांत आधीच सांगून ठेवले आहे असा दावा करण्याची येथे काही गरज नाही. शास्त्रांचे प्रयोजन आत्मकल्याणाचे आणि भूशास्त्राचे प्रयोजन दगडाचा इतिहास जाणण्याचे. दोहोंना आपापल्या जागी ठेवले, तर दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

आतापर्यंतच्या पुराव्यावरून नातवाचे मत बनले होते. "सगळा दगड ज्वालामुखीचा आहे. म्हणजे खड्डाही ज्वालामुखीचाच!"

त्याचे चुकले असे म्हणताना सावध राहिले पाहिजे, कारण याच चुकीत मोठमोठी माणसे शतकभर होती. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. त्यानंतरच्या अभ्यासकांनी साहजिकच तर्क केला की ज्वालामुखीजन्य प्रदेशातले विवर ज्वालामुखीचेच असणार. 1896 मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या विख्यात अमेरिकी भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातल्या एका विवराशी लोणारचे साम्य ओळखले. साम्य खरे होते. पण त्याने कौल दिला तो भूगर्भातील वाफेच्या स्फोटाच्या बाजूने. पुढे सिद्ध झाले की अ‍ॅरिझोनाचे विवर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताचे आहे. लोणारचेही तसेच.

हे कशावरून ठरले? गुरुजींनी सर्वांना काठाकडे पुन्हा वळून पाहायला लावले. दख्खनचे थर स्वभावतः आडवे असतात. मैलोन्‌मैल, वहीच्या पानांसारखे. पण विवराच्या काठाशी तेच थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. काही ठिकाणी तर थर पूर्ण उलटलेला आहे; जो खाली असायचा तो वर आला आहे. छिद्रांवरून प्रवाहाचा माथा ओळखण्याची खूण येथे उपयोगी पडते. जमीन नुसती खचली असती तर थर आत झुकले असते. येथे कोणीतरी आतून बाहेर उसळवल्यासारखे ते उलटले आहेत, आणि विवराबाहेर किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत फेकल्या गेलेल्या दगडचुऱ्याची चादर पसरली आहे. शिवाय ज्वालामुखीचे विवर म्हणावे, तर त्यातून बाहेर पडलेला नवा लाव्हा कुठे आहे? तो नाहीच.

निर्णायक साक्ष मात्र डोळ्यांना दिसत नाही. 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक संशोधन-निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी सरोवराच्या तळाला छिद्रे पाडून, सुमारे शंभर मीटर गाळाखालचे भग्न खडक वर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक न वितळताच काचेत रूपांतरित झाले होते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. ती घडायला वातावरणाच्या दाबाच्या तीन लाख पटींइतका दाब लागतो, तोही क्षणार्धात. कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. तो निर्माण होतो सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने येऊन आदळणाऱ्या अशनीच्या आघातात. बेसाल्टमध्ये झालेली आणि इतकी चांगली टिकलेली आघातविवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्ट विपुल असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक लोणारला येतात.

हा आघात कधी झाला याविषयी मात्र एकमत नाही. एका पद्धतीने काढलेले वय सुमारे 52 हजार वर्षे येते. दुसऱ्या, अलीकडच्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे. कोणतेही धरले तरी ज्वालामुखी शांत होऊन तोवर सहा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

नातू गोंधळला. "म्हणजे गुरुजी, ज्वालामुखी आहे की नाही?"

उत्तर आजींनी दिले. "अरे, प्रश्नच दोन आहेत. दगड कशाचा, आणि खड्डा कशाचा. दगडाच्या अपेक्षेनं ज्वालामुखीचा. खड्ड्याच्या अपेक्षेनं नाही."

गुरुजी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आजी, हे मी वर्गात अर्धा तास सांगायचो."

स्याद्वादाची अनेकदा थट्टा होते. 'हेही खरे, तेही खरे' असा गुळमुळीतपणा म्हणजे स्याद्वाद, असे मानणारे घरातही असतात. पण 'स्यात्' याचा अर्थ 'कदाचित' नव्हे. 'एका निश्चित अपेक्षेने' असा आहे. कोणतेही विधान करताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव स्पष्ट करा, असा तो कडक आग्रह आहे. लोणारच्या बाबतीत द्रव्याच्या अपेक्षेने पाषाण ज्वालामुखीजन्य, कालाच्या अपेक्षेने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. विवर मात्र आघाताचे आणि त्यामानाने कालपरवाचे. शतकभर विद्वान चुकले ते खोटे बोलले म्हणून नव्हे, तर एका अपेक्षेने खरे असलेले विधान त्यांनी दुसऱ्या अपेक्षेला लावले म्हणून. आणि अनेकान्त म्हणजे सर्व मते सारखीच बरोबर असेही नाही. वाफेच्या स्फोटाचे मत पुराव्यापुढे टिकले नाही. ते सोडावे लागले.

झाडी संपली आणि सरोवराचा काठ आला. पाण्याला उग्र दर्प होता, चिखलावर पांढरी खारट साय धरली होती. या सरोवराला बाहेर पडायला वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते आणि केवळ बाष्प होऊन जाते. क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या संचयाने पाणी इतके अल्कधर्मी झाले आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. मासे त्यात जगत नाहीत. परंतु नील-हरित शैवाल आणि अन्यत्र न तगणारे सूक्ष्मजीव त्यात सुखाने नांदतात. जून 2020 मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा तो चमत्कार म्हणून गाजला. तपासणीत आढळले की क्षार वाढल्याने मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बहरले होते. लवणासुराच्या वधाची कथा, गावातले दैत्यसूदनाचे मंदिर, काठावरचे कमळजा देवीचे देऊळ आणि स्वतः 'लोणार' हे नाव, या साऱ्यांत लवण आहे. पाण्याची चव पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपल्या भाषेत नोंदवून ठेवली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे, आणि 2020 मध्ये ते रामसर करारातील पाणथळ स्थळांच्या यादीतही आले.

परत चढताना, अर्ध्या वाटेवर, नातवाचा खिसा फुगलेला आईच्या लक्षात आला. त्यात एक दगड होता. मुठीएवढा, काळा, एका बाजूने काचेसारखा तकतकीत.

"शाळेत दाखवायला घेतला," तो म्हणाला. "इथं एवढे दगड आहेत. एकानं काय होतंय?"

वडील रागावणार होते. आजींनी हाताने थांबवले. त्यांनी एवढेच विचारले, "तुला तो कोणी दिला?"

मुलगा गप्प राहिला. न दिलेले घेणे हेच अदत्तादान, हे त्याला पाठशाळेत शिकवले होते. पण ते दुकानातल्या पेन्सिलीला लागू आहे, रानातल्या दगडाला नाही, अशी त्याची समजूत होती. पृथ्वीकाय जीवांचे रक्षण हेही त्याने प्रतिक्रमणात कितीदा ऐकले होते. डोंगर, माती, खडक यांना विनाकारण दुखवू नये, उकरू नये, फोडू नये. त्या शब्दांतली पृथ्वी आणि आपल्या खिशातला दगड यांचा संबंध त्याने जोडला नव्हता. मोठी माणसे तरी कुठे जोडतात?

"ठेवतो परत," तो म्हणाला आणि वाटेच्या कडेला दगड टाकायला वाकला.

"तिथं नको," गुरुजी घाईने म्हणाले. "कुठून उचललास?"

त्याला आठवेना. खालच्या ओढ्यापाशी असेल, किंवा त्या मोठ्या झाडाजवळ, किंवा काठावरच. गुरुजींनी दगड हातात घेतला, उन्हात फिरवून पाहिला. आघाताच्या उष्णतेने वितळलेला खडक असू शकेल, नसूही शकेल. सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नव्हते. "दगड काय सांगतो त्यातलं अर्धं तो कुठं पडला होता यावर असतं," ते म्हणाले. "काठावर मिळाला तर एक अर्थ, तळ्याशी मिळाला तर दुसरा. तू उचललास तेव्हा त्याची अर्धी गोष्ट पुसली गेली. आता भलतीकडं ठेवलास तर तो खोटी साक्ष देईल. उद्या कोणी अभ्यासक येईल, इथं तो पाहील, आणि चुकेल."

मुलाचे डोळे भरून आले. चोरी एकवेळ परत करता येते. ही परत करता येत नव्हती. गुरुजींनी त्याची समजूत घातली, पण झाले ते झाले नाही असे म्हटले नाही. अखेर तो दगड खिशात न ठेवता हातात घेऊन सारे वर आले, आणि गुरुजींनी तो आपल्याकडे ठेवून घेतला. शाळेतल्या मुलांना दाखवायच्या दगडांत, 'जागा अज्ञात' अशी चिठ्ठी लावून, तो राहणार होता. ती चिठ्ठी मुलाने स्वतःच्या हाताने लिहिली.

लोणारला वर्षभर पर्यटक येतात. प्रत्येकाने एकेक दगड नेला तर काय होईल याचा हिशोब करायला गणितज्ञ नको. डोंगर तेवढ्याने संपणार नाही. पण जे दगड डोळ्यांत भरतात तेच उचलले जातात, आणि डोळ्यांत भरणारे दगडच बहुधा सर्वांत बोलके असतात. 1973 च्या शास्त्रज्ञांनी चूक दुरुस्त केली ती या विवराचे खडक आपल्या जागी होते म्हणून. पुढची चूक दुरुस्त करणारा अजून जन्मायचा असेल. आघात नेमका कधी झाला, हा वाद तर आजही उभाच आहे. त्याचे उत्तरही याच उतारावर कुठेतरी पडलेले असेल.

शिरपूरच्या यात्रेला जोडून लोणारला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी पावसाळा सरल्यानंतरचे, हिवाळ्यातले दिवस निवडावेत. पहाटे लवकर उतरावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी परतता येते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचीही घाई होत नाही. गाळलेले पाणी घरूनच न्यावे, कारण सरोवराचे पाणी पिण्याचे नाही. वाट माहीत असलेला स्थानिक जाणकार सोबत असावा. त्याच्यावाचून हे विवर म्हणजे केवळ एक देखणा खड्डा राहतो. लहान मुलांच्या हाती वही आणि पेन्सिल द्यावी. दगडाचे चित्र काढावे, जागा लिहावी, तारीख घालावी आणि दगड तेथेच राहू द्यावा. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेताना धन, धान्य, वास्तू यांची मर्यादा ठरते. प्रवासातून आणलेल्या वस्तूंची मर्यादा सहसा कोणी ठरवत नाही. ती ठरवायला लोणारचा काठ ही उत्तम जागा आहे.

ते कुटुंब दुपारी शिरपूरला पोचले. दर्शनानंतर आजी जुन्या मंदिराच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबल्या. नातू जवळ आला, दगडाकडे निरखून पाहू लागला आणि बोट न लावता म्हणाला, "आजी, इथं बारीक छिद्रं आहेत. म्हणजे हा प्रवाहाचा वरचा भाग ना?"